यंत्रं येतील, माणसं कुठून आणायची?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ,
नाशिक.

विषय : खानदेशात कर्करोग आणि रक्तविकारांच्या उपचाराची, संशोधनाची आणि शिक्षणाची सोय करण्याबाबत.



दवाखाना मागायचा असला की आमच्याकडे माणूस आमदाराकडे जातो आणि मशीन मागायचं असलं की मंत्र्याकडे. मला या दोन्ही गोष्टी मागायच्या नाहीत, म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून आहे. जळगावचं २०१८ मध्ये सुरू झालं, नंदुरबारचं २०२० मध्ये. खानदेशाच्या तिन्ही जिल्ह्यांत आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे आणि तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक डॉक्टरच्या पदवीवर आपल्या विद्यापीठाचा शिक्का असतो. अभ्यासक्रमाची चौकट दिल्लीहून येते, हे मला ठाऊक आहे. पण प्रात्यक्षिकाला काय विचारायचं, फेलोशिपचे अभ्यासक्रम कुठल्या गावात चालवायचे, संशोधनाचा पैसा कुठल्या प्रश्नावर लावायचा, हे बऱ्याच अंशी नाशकात ठरतं. माझं मागणं तेवढ्यापुरतंच आहे.

मी डॉक्टर नाही. चाळीसगावात रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून माझं आयुष्य गेलं. आजार मी बरा करत नाही, पण तो पहिल्यांदा दिसतो आमच्या टेबलावर. ‘भाऊ, रिपोर्टमा काय निंघनं?’ हा प्रश्न डॉक्टरांच्या आधी आम्हाला विचारला जातो आणि ‘डॉक्टरांनाच दाखवा’ एवढंच उत्तर आम्ही देऊ शकतो.

या टेबलावरून जे दिसतं, ते सांगतो. हिमोग्लोबिन सहा-सात आलेला माणूस आमच्या भागात रोजचा. ‘रक्त कमी आहे’ म्हणून त्याला लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक मिळतं. दहातल्या बहुतेकांना ते लागूही पडतं. पण उरलेल्यांत सिकलसेलचा भिल्ल वस्तीवरचा मुलगा असतो, थॅलेसेमियाची वाहक असलेली गरोदर बाई असते आणि कधीतरी ब्लड कॅन्सर झालेलं सात-आठ वर्षांचं पोर असतं. त्याला महिनाभर ताप येतोय, हिरड्यांतून रक्त येतंय, पायावर निळे डाग उठलेत आणि घरात टॉनिकच्या तीन बाटल्या झालेल्या असतात. आमचं मशीन पेशींचा आकडा देतं. त्या पेशी पक्क्या आहेत की कच्च्या, कोयत्यासारख्या वाकलेल्या आहेत की गोल, हे काचपट्टी रंगवून मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनीच बघावं लागतं. मशीन आल्यापासून काचपट्टी बघायची सवय मोडत चालली आहे. ती लावून घेणारा शिक्षकही तालुक्याच्या गावापर्यंत पोचत नाही.

कॅन्सरच्या बाबतीत आमचं दुखणं तोंडात आहे. देशातल्या पुरुषांत तोंडाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेताना आढळले. त्यातही बिनधुराची, म्हणजे चुना लावून मळलेली, पुडीतली, दातांना घासायच्या मशेरीतली तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती कुठपर्यंत पोचली, ते कोणत्याही बसस्टँडच्या कोपऱ्यात दिसतं. तोंड उघडेनासं होतं, आत पांढरा चट्टा येतो, मग न भरणारी जखम होते. माणूस दाताच्या डॉक्टरकडे जातो तेव्हा गालाला गाठ आलेली असते. ‘तुकडा’ तपासायला पाठवतात, रिपोर्ट येतो आणि घरचे म्हणतात, टाटाला न्या, म्हणजे परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात.

टाटाला नेणं आमच्या गावाला रेल्वेमुळे सोपं आहे. सव्वातीनशे किलोमीटरचा प्रवास, रात्री बसलं की पहाटे दादर. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरचं भाडं माफ असतं. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे जागा मिळाली तर नशीब, नाहीतर परळचा फुटपाथ आहेच. खर्चाचं बरंचसं ओझं महात्मा फुले योजना उचलते. अवघड जातो तो वेळ. पहिल्या तारखेपासून ‘शेक’, म्हणजे रेडिएशन, सुरू होईपर्यंतचे आठवडे, सोबत थांबलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, कपाशी वेचणीच्या दिवसांत घर बंद. चौथ्या-पाचव्या सलाईननंतर बरं वाटायला लागलं की कितीतरी जण पुढच्या तारखेला जातच नाहीत. जवळ म्हणाल तर छत्रपती संभाजीनगरला २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, पण मध्ये कन्नडचा घाट आहे. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस दरडी कोसळून तो बंद पडला, तसा पावसाळ्यात पुन्हा कधी बंद पडेल, याचा नेम नाही.

परळबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालेल्या त्या इस्पितळाने देशाला कॅन्सरचा उपचार शिकवला. डॉ. वसंत खानोलकरांनी तिथे रोगनिदानाची आणि संशोधनाची घडी बसवली. डॉ. सुरेश अडवाणींनी मार्च १९८३ मध्ये तिथेच ब्लड कॅन्सर झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर देशातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण केलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये देशी कार-टी उपचाराला परवानगी मिळाली, तीही परळ आणि पवईने मिळून केलेल्या कामाला. रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढायच्या, कॅन्सरची पेशी ओळखता येईल असा बदल त्यांच्यात प्रयोगशाळेत करायचा आणि त्या परत शरीरात सोडायच्या. आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत ते काम झालं, टाटाच्या डॉक्टरांनी ते रुग्णांवर तपासलं आणि परदेशात कोट्यवधींना मिळणारा उपचार त्याच्या लहानशा अंशात देशात आला. हे घडलं, कारण रुग्ण, प्रयोगशाळा आणि शिकणारी मुलं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होती. टाटाचं शिक्षण आज होमी भाभा राष्ट्रीय संस्था या विद्यापीठाखाली चालतं. तिथे वॉर्डात पडलेला प्रश्न संशोधनात जातो आणि संशोधनातून निघालेलं उत्तर पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला शिकवलं जातं.

यावर कुणी म्हणेल की मुंबईची गोष्ट वेगळी, तिथे पैसा आहे, माणसं आहेत. म्हणून मी आपल्याला बार्शीची आठवण करून देतो. सोलापूर जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव चाळीसगावहून काही फार मोठं नाही. तिथे नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर इस्पितळ उभं राहिलं आणि डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू केली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं. कुणाला कुठला कॅन्सर झाला, कुठल्या अवस्थेत कळला, माणूस जगला की गेला, हे गावोगाव फिरून लिहून ठेवायचं. या नोंदींतून दिसलं की बायकांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर सगळ्यांत जास्त आहे आणि तो कळतो तेव्हा उशीर झालेला असतो.

मग १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, मोठा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका. गावांचे ५२ गट पाडून चार तऱ्हा केल्या : एकात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, चौथ्यात नेहमीची सरकारी सेवा. आठ वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा चौथ्या गटात या कॅन्सरने ६४ बायका दगावल्या होत्या, एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले. हा निष्कर्ष २००९ मध्ये अमेरिकेतल्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापला आणि जगाच्या तपासणी-धोरणात एचपीव्ही चाचणीला बळ मिळालं. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणी का दिली नाही, अशी टीका या अभ्यासावर पुढे झाली. ती रास्त होती आणि खानदेशात काही करताना ती आठवावी लागेल. पण जगाला उत्तर देणारा प्रश्न मराठवाड्यातल्या खेड्यांत नीट विचारला गेला, हे तर खरं ना?

खानदेशाची नोंद कुठे आहे? राष्ट्रीय कर्करोग नोंदणीचा २०२० चा अहवाल उघडला तर महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, उस्मानाबाद-बीड आणि बार्शी यांचे आकडे मिळतात. जळगाव, धुळे, नंदुरबार त्यात नाहीत. आमच्यातले किती जण तोंडाच्या कॅन्सरने जातात, केळीच्या आणि कपाशीच्या पट्ट्यात फवारणी करणाऱ्यांमध्ये रक्ताच्या कॅन्सरचं प्रमाण वेगळं आहे का, हे प्रश्न चहाच्या टपरीवर रोज विचारले जातात. उत्तर म्हणून ज्याच्या त्याच्या ऐकीव गोष्टी असतात. मोजल्याशिवाय मी फवारणीच्या औषधांना दोष देणार नाही आणि निर्दोषही म्हणणार नाही. मोजायला विद्यापीठ लागतं.

रक्तविकारांत आमचा पहिला प्रश्न सिकलसेलचा. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी सातपुड्याच्या पाड्यांवर जाऊन या आजारावर कित्येक वर्षं काम केलं. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेलचं जनुक २० ते ३५ टक्के लोकांत असल्याचं अभ्यासांत नोंदलं गेलं आहे. यातले बहुतेक नुसते वाहक, त्यांना त्रास नसतो. आई-बाप दोघंही वाहक असले की मात्र प्रत्येक बाळंतपणाला चारांत एक शक्यता आजारी मुलाची. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. ४० वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं लक्ष्य आहे. तपासणीचं काम आम्ही लॅबवाले समजू शकतो. थेंबभर रक्त द्रावणात टाकायचं, गढूळ झालं तर पुढची पक्की चाचणी, मग हातात कार्ड.

कार्ड मिळाल्यानंतर काय? सिकलसेलच्या मुलाला हायड्रॉक्सियुरिया रोज लागतं. त्याचा डोस वजनावर ठरतो आणि पेशी किती खाली आल्या हे बघत वाढवावा किंवा थांबवावा लागतो. न्यूमोनियाची लस लागते. हाडं दुखायला लागली की वेदनेवर चांगलं औषध लगेच लागतं. ‘नाटक करतोय’ म्हणून बसवून ठेवलेलं पोर मी पाहिलं आहे. आणि हे सगळं ज्याने बघायचं तो रक्तविकारतज्ज्ञ आमच्यापासून कोसांवर. त्यातच चाळीसगाव तालुक्यातली कितीतरी कुटुंबं, तांड्यांवरची आणि भिल्ल वस्त्यांवरची, दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात ती उन्हाळ्यातच परततात. फडात पाणी कमी, थंडी कडक, काम जड. यातली प्रत्येक गोष्ट सिकलसेलच्या रुग्णाला वेदनेचा झटका आणू शकते. स्थलांतर करणाऱ्या रुग्णाची गोळी महिनोन् महिने चालू कशी ठेवायची, यावर अभ्यास कोण करणार? शिकागोत १९१० मध्ये डॉ. जेम्स हेरिक यांनी या वाकड्या पेशी पहिल्यांदा नोंदवल्या. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक संपादनाचा उपचार मंजूर झाला, किंमत वीस लाख डॉलरांवर. फडावरच्या गोळीचा प्रश्न मात्र तिथल्या कुणी सोडवायचा नाही. तो धुळ्याच्या आणि नंदुरबारच्या कॉलेजचा आहे.

आता मागण्या मांडतो.

पहिली, तिन्ही सरकारी कॉलेजांनी मिळून खानदेशाची कॅन्सर नोंदणी सुरू करावी. सुरुवातीला एका तालुक्यापासून केली तरी चालेल, पण नीट करावी. जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, तिथे संख्याशास्त्र आणि जीवशास्त्र शिकणारी आमचीच मुलं आहेत. त्यांना यात घ्या.

दुसरी, आपले पदव्युत्तर विद्यार्थी तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढतात आणि एमबीबीएसची मुलं खेड्यातली कुटुंबं दत्तक घेतात. हे नियम आधीच आहेत. त्या कुटुंबांत तिशीवरच्या प्रत्येकाचं तोंड टॉर्च लावून बघणं आणि भिल्ल-पावरा घरांत सिकलसेलचा वंशवृक्ष काढणं, हे त्यांचं ठरलेलं काम करा. केरळात तिरुवनंतपुरमला असंच तोंड बघून केलेल्या अभ्यासात, तंबाखू-दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू तिसऱ्या हिश्श्याने कमी झाले होते. त्यासाठी टॉर्च आणि शिकवलेला डोळा पुरला.

तिसरी, प्रात्यक्षिक परीक्षेत रक्ताची काचपट्टी वाचणं आणि तोंडातला संशयास्पद चट्टा ओळखणं सक्तीचं करा. जे परीक्षेत येतं तेच मुलं शिकतात, हे आपल्याला मी सांगायला नको.

चौथी मागणी डॉक्टरांपलीकडची आहे. केमोचं सलाईन लावणारी नर्स, औषध मिसळणारा फार्मासिस्ट, काचपट्टी रंगवणारा टेक्निशियन आणि आजार हाताबाहेर गेल्यावर वेदना कमी करणारं पथक. २०१४ मध्ये कायदा बदलल्यावर मॉर्फिन मिळणं सोपं व्हायला हवं होतं. पण ते लिहून द्यायला शिकलेला डॉक्टर नसेल तर कायदा कागदावरच राहतो. यांच्यासाठी धुळ्यात आणि जळगावात सहा महिने ते वर्षाचे अभ्यासक्रम सुरू करा. डी.एम.च्या, म्हणजे अतिविशेषज्ञ पदवीच्या, जागा पुढे येतील. त्यांना लागणारे शिक्षक यातूनच उभे राहतील.

पाचवी, इथे जे संशोधन होईल त्याचा निष्कर्ष ज्या गावात माहिती गोळा केली त्या गावात, ग्रामसभेत, मराठीत, अहिराणीत आणि पावरी भाषेत सांगण्याची अट घाला. रक्त देणाऱ्याला त्याच्या रक्ताचं उत्तर मिळालं पाहिजे.

यावर येणारी हरकत मला माहीत आहे : अवघड उपचार गावोगाव पसरवले तर दर्जा घसरेल. ती खरी आहे. बोन मॅरो प्रत्यारोपण टाटाच्या परळ-खारघर केंद्रांतच व्हावं, कार-टी तिथेच व्हावी. पण निदान इथे व्हावं, ठरलेल्या केमोचे पुढचे हप्ते इथे मिळावेत, रक्त इथे चढावं, वेदना इथे शमावी. २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमुळे छोट्या केंद्रांना मोठ्या केंद्रांच्या उपचारपद्धती वापरता येतात. दुसरी हरकत, खानदेशात शिक्षक टिकत नाहीत. बाहेरून बदलीवर आलेला टिकत नाही, हे मान्य. म्हणूनच शिरपूरची, साक्रीची, पाचोऱ्याची मुलं इथेच शिकवा. जी शिकतील त्यातली काही तरी राहतील.

आणि खानदेशात उच्च विद्या कशी रुजणार, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी पाटणला यावं. चाळीसगावपासून जवळच पाटणादेवीच्या परिसरात एक शिलालेख सापडला. त्यानुसार निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने इ.स. १२०७ च्या सुमारास इथे मठ चालवायला दान दिलं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे गणित-ज्योतिषाचे ग्रंथ शिकवण्यासाठी तो मठ काढला होता आणि बाजारात होणाऱ्या व्यवहारांवरच्या करांचा वाटा सोइदेवाने त्याला लावून दिला होता. आठशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या पायथ्याशी त्या काळचं सगळ्यांत अवघड शास्त्र बाजारपेठेच्या उत्पन्नावर शिकवलं जात होतं. आणि हा लेख उजेडात आणणारे भाऊ दाजी लाड हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर होते.

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कॅन्सरचं डे-केअर केंद्र देण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी राज्य मंत्रिमंडळाने कर्करोगसेवेचं तीन स्तरांचं धोरण मंजूर केलं. म्हणजे खोल्या होतील, खुर्च्या येतील, यंत्रंही येतील. उद्घाटनाच्या दिवशी तिथे उभं राहायला माणसं हवीत. ती त्या दिवशी मिळायची तर त्यांचं शिक्षण आज सुरू व्हायला हवं.

आपल्या विद्वत परिषदेच्या पुढच्या बैठकीत या पाच मागण्यांपैकी कुठली घेता, कुठली नाही आणि का, याचं उत्तर द्यावं, ही विनंती. नाही म्हणायचं असेल तर तेही जाहीरपणे म्हणा. कारण कळलं की आम्हाला त्यावर काम करता येईल.

कळावे.

आपला नम्र,
चाळीसगावचा एक लॅब टेक्निशियन